टॉवेलाखालचा मदरबोर्ड

दुकानदाराने सांगितलेल्या किमतीला मी आयुष्यात एकच वस्तू घेतली आहे. एरवी घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीही उचलत नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात घोड्यावर बसल्या बसल्या मी बँडवाल्याशी भांडलो होतो. वरात अर्धा तास मारुतीच्या पारापाशी खोळंबली, पण शेवटी एक सनईवाला फुकटात वाजवून गेला. त्यामुळे ती एक वस्तू मला अजून सलते. पंचवीस वर्षं झाली, तरी काल घेतल्यासारखी सलते.

ती वस्तू म्हणजे कॉम्प्युटरचा मदरबोर्ड. कॉम्प्युटरच्या डब्यात एक हिरवी पाटी असते, साधारण जेवायच्या ताटाएवढी, पण चौकोनी. बाकीचे सगळे भाग तिच्यात खोचायचे असतात. ज्याने ती मला विकली तो माणूस माझ्याशी एक शब्दही खोटं बोलला नाही, आणि माझा राग नेमका त्याचाच आहे. खोटं बोलणाऱ्याची गचांडी धरता येते. खरं बोलणाऱ्याचं काय धरणार?

काष्टीत माझा छापखाना होता. छापखाना म्हणजे एक पत्र्याची खोली, पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि झिजलेल्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, चार पेट्या. वडील दुसऱ्यांच्या वावरात कामाला जायचे, त्यामुळे मला वारशाने काही मिळालं नाही. दहावी नापास झाल्यावर मी दौंडच्या एका छापखान्यात अक्षरं जुळवायला शिकलो आणि सहा वर्षांनी माझं स्वतःचं मशीन घेतलं. तेही मशीन म्हणून घेतलं नाही, भंगार म्हणून किलोवर घेतलं. तोलताना मालकाचा पाय काट्याला लागतोय म्हणून दोनदा काटा करायला लावला.

भाव करायची ही विद्या मला मामांनी दिली. मामा काष्टीच्या बैलबाजारातले दलाल. आमच्याकडे बाजारात भाव मोठ्याने बोलत नाहीत, कारण शेजारचा ऐकतो. दलाल खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकतो आणि आतल्या आत बोटं धरून बोलणी होतात. शेकड्यात की हजारात एवढं तोंडाने सांगायचं, मग जितकी बोटं धरली तितका भाव. चेहरा मात्र असा ठेवायचा की जणू आपण पावसापाण्याच्या गप्पा मारतोय. टॉवेल निघाला की सौदा झाला. त्यानंतर बैल दावणीला बसकण मारून राहिला तरी तक्रार चालत नाही. मात्र विकणाऱ्याने टॉवेल पडायच्या आत बैलाची खोड सांगायची, म्हणजे तो मारका आहे, की बसका आहे, की पाणी बघून बुजतो. खोड लपवणाऱ्याला पुढच्या बाजाराला कुणी उभं करत नाही.

पण मामांची खरी शिकवण वेगळी होती. ते म्हणायचे, "गरज कदी दाखवायची न्हाई. पेरनी उद्यावर आली आसली तरी बाजारात म्हनायचं, काय न्हाई, च्या प्यायला आल्तो. गरज दिसली की भाव चढला." ही शिकवण मी इतकी अंगी बाणवली की एकदा दात दुखत असताना डॉक्टरांनाही म्हणालो, सहज आलो होतो.

नव्वदच्या दशकाची शेवटची दोन-तीन वर्षं असतील. श्रीगोंद्याच्या एका छापखानेवाल्याने कॉम्प्युटर घेतला आणि माझ्या धंद्याला घरघर लागली. त्याच्याकडच्या लग्नपत्रिकांवर वेलबुट्टी असायची, नावं वळणदार असायची, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' या ओळीशेजारी दोन बाहुल्याही असायच्या. माझ्याकडे बाहुल्या नव्हत्या. आधी पेठेतली गिऱ्हाइकं गेली, मग वाड्यावस्त्यांवरची. तरी मी कॉम्प्युटर घेत नव्हतो, कारण भाव पडायची वाट बघत होतो.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. वडील नव्हते, सगळं माझ्यावर होतं. मुलगा पुणतांब्याचा. मुलाकडच्यांनी त्यांची पत्रिका आधी छापली आणि एक नमुना म्हणून पाठवून दिली. बहिणीने ती हातात घेतली, माझ्याकडची जुनी एक पत्रिका शेजारी ठेवली आणि मला हाक मारली.

"दादा, त्यांचा गणपती बघ. आन आपला बघ."

आपला गणपती म्हणजे माझ्याकडचा लाकडी ठसा. तो इतका झिजला होता की सोंड कुठली आणि हात कुठला हे भक्तिभावानेच ओळखावं लागे.

"देवाला काय हुतं त्याच्यानं?" मी म्हणालो.

"देवाला काय हुत न्हाई, सासरी मला हुतं. आपली पत्रिका अशीच निघनार आसंल तर मी श्रीगोंद्याला जाऊन छापून आनते. चौदा दिवस थांबते. पंधराव्या दिवशी एस्टीत बसते."

ती बोलली तसं करणारी आहे. आमच्या घरात राग सगळ्यांना सारखा वाटून आला आहे. आणि पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं. हजार पत्रिका म्हणजे हजार घरांत श्रीगोंद्याच्या त्या माणसाची जाहिरात झाली असती. तीही माझ्या बहिणीच्या लग्नात, माझ्या खर्चाने, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असं म्हणून. त्यानंतर माझ्या पत्र्याच्या खोलीत पावतीपुस्तकं छापायलाही कुणी आलं नसतं.

मी कॉम्प्युटर गोळा करायला सुरुवात केली. गोळा करायला म्हणतो, कारण अख्खा कॉम्प्युटर एका दुकानातून घेणं मला पटत नाही. अख्खी वस्तू घेतली की कशाला किती लावले ते कळत नाही. मी डबा एकीकडून घेतला, पडदा दुसरीकडून घेतला, प्रोसेसर पुण्याहून, प्रिंटर वापरलेला. प्रत्येक ठिकाणी भांडलो आणि प्रत्येक ठिकाणी जिंकलो. शिरूरला एक दुकान बंद होत होतं, तिथून मराठी कार्ड घेतलं. वीतभर लांबीची ती पट्टी मदरबोर्डात खोचली की पडद्यावर मराठी अक्षरं उमटत. ती नसली तर नुसता कॉम्प्युटर माझ्या काहीच कामाचा नव्हता. शिरूरचा दुकानदार शेवटपर्यंत म्हणत होता, "नवं कोरं आहे हो, पिशवीसुद्धा फोडलेली नाही." मी तासभर "जुनं आहे, जुनं आहे" म्हणून त्याचा भाव पाडला. घरी आणल्यावर मात्र माझ्या दृष्टीने ते नवं झालं. आपली वस्तू कुणाला जुनी वाटते?

आता फक्त मदरबोर्ड राहिला होता. मामांना कळलं तसे ते आले.

"काय आसतंय ते?"

"पाया समजा. सगळं त्याच्यावरच बसतं."

"मंग मला यायलाच पायजे," मामा म्हणाले आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला.

नगरला माळीवाडा स्टँडपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर ते दुकान होतं, पहिल्या मजल्यावर. काचेचं दार, आत गारवा, बाहेर पाटी: चपला बाहेर काढा. त्या काळी कॉम्प्युटरच्या दुकानात देवळात गेल्यासारखं अनवाणी जावं लागे, धूळ चालत नसे. मामांनी चपला काढल्या पण सोडल्या नाहीत, काखेत मारल्या. आत दुकानाचा मालक एकटा बसला होता. तिशीच्या आतला, चष्मेवाला, खिशाला दोन पेनं. आवाज इतका मऊ की आजाऱ्याशी बोलतोय असं वाटावं. अशा आवाजाच्या माणसावर मी पहिल्यापासून विश्वास ठेवत नाही.

"या काका, बसा. काय पाहिजे?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "असंच. ह्या बाजूनं चाललो हुतो."

"मदरबोर्ड दाखवा," मामा म्हणाले. मी त्यांच्याकडे रोखून बघितलं. ते छताकडे बघायला लागले.

त्याने दोन खोकी काढली. भिंतीवर टाइप केलेली भावाची यादी होती. साधा पाच हजार, प्रीमियम सहा हजार. साधा बोर्ड होता आपला हिरवा, खाली दोन काळ्या लांब फटी, वर पांढऱ्या आखूड फटी. प्रीमियमचं खोकंच चकचकीत. त्यावर सोनेरी पट्टी, आत मऊ फोम आणि एक जाडजूड पुस्तक.

"तुम्हाला काम काय आहे यावर?" त्याने विचारलं.

आता इथे मी 'पत्रिका छापायच्यात' असं म्हणालो असतो, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण दुकानदाराने काम विचारलं की माझ्या कानात मामा बोलतात. गरज दिसली की भाव चढला.

"काय काम न्हाई. पोरांना खेळायला."

"खेळायला असेल तर प्रीमियम घ्या. चित्र भराभर हलतं आणि आवाजाची सोय बोर्डातच आहे. साध्यात आवाज नाही."

"आवाज कशाला पायजे? गणपतीला काय..." मामा बोलून गेले. मी त्यांच्या अनवाणी अंगठ्यावर टाच ठेवली. मग मामांनी साधा बोर्ड हातात घेतला. उलटा केला, उजेडात धरला, खालच्या बाजूचे सोल्डरचे थेंब अंगठ्याने चाचपले. बैलाचे दात बघताना त्यांचा चेहरा जसा होतो तसाच झाला होता.

"खोड काय हाय?" मामांनी विचारलं.

मला वाटलं, शिकलेल्या माणसाला हे काय कळणार. पण तो लगेच म्हणाला, "साध्याला खोड नाही. जरा हळू आहे, पण सगळं चालवून घेतो. प्रीमियमला एक आहे. त्यात जुनी कार्डं बसत नाहीत. ह्या काळ्या फटी त्यातून काढून टाकल्यात. तुमच्याकडे जुनं कार्ड वगैरे काही आहे का?"

मी तेव्हा काय विचार केला ते प्रामाणिकपणे सांगतो. मला वाटलं, हा माझ्याकडे काय काय आहे ते काढून घेतोय. आज कार्ड विचारतोय, उद्या घर विचारेल. शिवाय माझं कार्ड कुठे जुनं होतं? पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती.

"न्हाई," मी म्हणालो. "जुनं काय बी न्हाई आमच्याकडं."

"नक्की?"

"सांगितलं ना न्हाई म्हनून!" माझा आवाज चढला. त्याने चष्मा पुसला. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "श्रीगोंद्याला एक छापखानेवाला हाय. त्यानं कुटला नेला?"

"त्यांनी? साधा."

संपलं. श्रीगोंद्याच्याकडे साधा असेल तर मला साधा कसा चालेल? माझ्या मनात प्रीमियम त्याच क्षणी बसला. पण तोंडाने मी म्हणालो, "हे सोनेरी खोकं जरा बरं दिसतंय, पन लई महाग सांगताय. ऱ्हाऊ द्या. चला मामा."

ही खूण होती. मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून काउंटरवर पसरला. आमचा बेत साधा होता. शहरातला माणूस टॉवेल बघून गांगरतो, काय करावं ते त्याला सुचत नाही आणि त्या गडबडीत तो भाव सोडतो. दौंडच्या कूलरवाल्याला आम्ही असंच गारद केलं होतं.

"हजारात," मामा म्हणाले.

दुकानदाराने टॉवेलाकडे बघितलं. मग शांतपणे मनगटातलं घड्याळ काढून बाजूला ठेवलं, बाही वर सारली आणि हात आत घातला.

मामांचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा टॉवेलावर हललेला बघितला नव्हता. टॉवेल इकडून उचलला जात होता, तिकडून दबत होता. मग मामा हळूच म्हणाले, "तुमी कुटले म्हनायचे?"

"वडील घोडेगावच्या बाजारात बसायचे," तो म्हणाला. आणि बोलता बोलता त्याची भाषाही घोडेगावच्या बाजारात जाऊन बसली. "ल्हानपनी सुट्टीत लई टॉवेल धरलेत मामा. बोटं ढिली सोडा, चोरू नका."

"चोरतोय कोन? तूच अंगठा मोडून धरलाय."

"अंगठा मोजायचा नसतो आमच्याकडं."

"आमच्याकडं मोजत्यात!"

असं पाच मिनिटं चाललं. मी काखेतल्या चपला सांभाळत उभा होतो, कारण मामांनी त्या माझ्याकडे दिल्या होत्या. अखेर मामांनी टॉवेल खेचला आणि माझ्या कानात सांगितलं, "पाचाला बसला."

सहाचा पाचाला! म्हणजे साध्याच्या भावात प्रीमियम. श्रीगोंद्याला साधा, मला त्याच पैशात सोनेरी पट्टीचा. मी पैसे मोजले, खोकं छातीशी धरलं आणि एस्टीत काष्टीपर्यंत कुणालाही त्याला धक्का लावू दिला नाही. एका म्हातारीने मांडीवर घेते म्हटलं तरी दिलं नाही.

घरी येऊन मी स्वतः जोडाजोड केली. ट्रेडल मशीन उघडून बसवणाऱ्याला डबाभर तारांचं काय? पुस्तकातली चित्रं बघून सगळं बसवलं. दिवा लागला, पंखा फिरला. शेवटी मराठी कार्डाची पिशवी फोडली आणि कार्ड हातात घेऊन मी फट शोधायला लागलो.

फट नव्हती.

सगळ्या फटी आखूड आणि पांढऱ्या. कार्डाची कंगव्यासारखी बाजू लांब. मी ते उलटं धरून बघितलं, आडवं धरून बघितलं, जरा जोर देऊन बघितलं. बहीण दारात उभी होती. तिने बोटांवर दिवस मोजले. "दादा, नऊ दिवस झाले," एवढंच म्हणाली आणि गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा पुन्हा नगरला. मी एस्टीतच तापलो होतो. चपला काढायच्या पाटीकडे मी बघितलंही नाही. दुकानात तीन-चार माणसं होती. कॉलेजातला एखादा प्राध्यापक असावा असा एकजण होता आणि एक नवरा-बायको प्रिंटर बघत होते. मी सोनेरी खोकं काउंटरवर आपटलं.

"हे घ्या परत! ह्याच्यात माझं कार्ड बसत न्हाई!"

"कोणतं कार्ड?" त्याने तितक्याच मऊ आवाजात विचारलं.

मी मराठी कार्ड पुढे केलं. त्याने ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हे जुनं कार्ड आहे काका. तुम्ही म्हणाला होता, जुनं काही नाही."

"जुनं कसलं? पिशवी आत्ता फोडलीय!"

"आणि म्हणाला होता पोरांना खेळायला पाहिजे."

प्राध्यापकासारखा दिसणारा माणूस हसला. मी त्याच्याकडे वळणार तेवढ्यात मामा मधे आले. मला वाटलं आता मामा याला बाजार दाखवतील. मामा म्हणाले, "भाच्या, त्यानं खोड सांगितली हुती. टॉवेल निघाल्यावर बोलायचं न्हाई."

"तुमी कुनाच्या बाजूचे हाय?"

"मी टॉवेलाच्या बाजूचा," मामा म्हणाले.

सख्खा मामा! ज्या नियमावर मी अर्धं आयुष्य जिंकत आलो, तो त्यांनी त्या गार दुकानात माझ्याच गळ्यात बांधला. दुकानदाराने खोकं उघडून बोर्डाला कुठे ओरखडा गेलाय का ते बघितलं आणि म्हणाला, "बदलून द्यायचा का बघू. पण आधी सांगा, नक्की कशाला पाहिजे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आजवर कुठल्याही दुकानात मी खरं कारण सांगितलेलं नव्हतं. माझं तोंड आपोआप "काय न्हाई, असंच" म्हणायला उघडलं आणि मी ते मिटलं. पुन्हा उघडलं. नवरा-बायकोंनी प्रिंटर बघायचं सोडून दिलं होतं.

"बहिनीचं लग्न हाय," मी शेवटी म्हणालो. "पत्रिका छापायच्यात. माझा छापखाना हाय काष्टीला. चार दिवसांत न्हाई छापल्या तर ती श्रीगोंद्याला जाऊन छापनार हाय, आन मग माझ्याकडं कुत्रं बी येनार न्हाई."

बोललो तेव्हा मला सगळ्यांसमोर सदरा काढल्यासारखं वाटलं. प्राध्यापक हसायचा थांबला. प्रिंटर बघणाऱ्या जोडप्यातली बाई म्हणाली, "अगं बाई, मग द्या की हो त्यांना." ती दुकानदाराला म्हणत होती, पण मला ते मुळीच आवडलं नाही. मला दया नको होती, मदरबोर्ड पाहिजे होता.

"हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी प्रीमियमला हात लावू दिला नसता," तो म्हणाला आणि त्याने साधा बोर्ड काढला. माझं कार्ड घेऊन तिथेच काळ्या फटीत बसवून दाखवलं. खट्ट आवाज करून ते बसलं.

"वर किती?" मी विचारलं. मला माहीत होतं, आता हा माझी कातडी सोलणार. गरज उघडी पडली होती. मामांनी टॉवेल टाकला. दुकानदाराने आत हात घातला आणि क्षणात काढला.

"मूठ," मामा म्हणाले. "काय बी नको म्हनतोय. बोर्डाला बोर्ड."

मी इतका हलका झालो की त्याला नमस्कार केला. हो, मी, दुकानदाराला नमस्कार! तोही काउंटरवरून वाकून. गाडीत बसलो, मामांना खिडकी दिली, खारे दाणे घेतले. अरणगाव मागे पडलं. आणि मला एकदम उमगलं.

प्रीमियमचे मी दिले होते पाच हजार. बोर्डाला बोर्ड. म्हणजे साधा बोर्ड मला पडला पाच हजाराला. आणि साध्याची भिंतीवरची किंमत होती पाच हजार. एक रुपया कमी नाही. यादीत लिहिलेल्या भावाला मी वस्तू घेतली होती, वर नमस्कार करून!

"थांबवा गाडी!" मी ओरडलो.

कंडक्टरने मागे वळून बघितलं. "लागलीय का काका? चिखलीला थांबू की."

"गप बस," मामा म्हणाले. "दाने खा."

कार्ड चाललं. पडद्यावर पहिल्यांदा 'श्री' उमटला तेव्हा बहीण शेजारी उभी होती. बटर पेपरवर प्रिंट काढून त्यावरून छपाईची जाळी, म्हणजे स्क्रीन, बनवली आणि पत्रिका छापल्या. गणपतीची सोंड उजवीकडे की डावीकडे हे पहिल्यांदाच लांबून दिसत होतं. दोन बाहुल्याही घातल्या, श्रीगोंद्याच्या बाहुल्यांपेक्षा अंमळ मोठ्या. तळाशी माझ्या छापखान्याचं नाव मी नेहमीपेक्षा दोन मापं मोठं टाकलं. बहिणीने पत्रिका वरून खालपर्यंत वाचली.

"दादा, नवरदेवापेक्षा तुझं नाव मोठं झालंय."

"शाई पसरलीय," मी म्हणालो. ती चौदाव्या दिवसाची दुपार होती, त्यामुळे तिने फार ताणलं नाही.

एवढ्यावर मी राग गिळलाही असता. पण पुढच्या बाजाराला श्रीगोंद्याचा छापखानेवाला भेटला. माझी पत्रिका त्याच्यापर्यंत पोचली होती.

"कॉम्प्युटर घेतला म्हनं. बोर्ड कितीला पडला?"

"तुला कितीला पडला?"

"साडेचार."

"भांडलास?"

"न्हाई बा. पत्रिका छापायच्यात म्हनलं, तर त्यानंच कमी केले."

लग्नाचं आमंत्रण द्यायला मी आणि मामा नगरच्या त्या दुकानात गेलो ते या तयारीने. मामांना त्याला मनापासून बोलवायचं होतं, घोडेगावच्या बैलांविषयी त्याच्याशी त्यांचं बरंच बोलायचं राहिलं होतं. मला फक्त जाब विचारायचा होता. चपला काढल्या. दुकानात तो एकटाच होता. मी पत्रिका पुढे टाकली आणि म्हणालो, "श्रीगोंद्याला साडेचारला दिला तुमी!"

"हो."

"आन मला पाच!"

"त्यांनी काम सांगितलं, मी त्यांना गिऱ्हाईक म्हणून भाव दिला. तुम्ही सौदा केला, मी सौद्याचा भाव दिला." त्याने खांदे उडवले. "मामांना विचारा."

मामा पंख्याकडे बघत होते.

मला त्यावर उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही, म्हणून तर हे लिहितोय. तो पत्रिका बघत होता. वाचत नव्हता, बघत होता. कागद अंगठ्याने चाचपला, बाहुल्या चष्मा वर करून बघितल्या, तळाशी माझ्या नावावर बोट फिरवलं. मग पत्रिका काउंटरवर ठेवून त्याने ती पुन्हा उचलली.

"छान आलीय," तो म्हणाला. आणि मग खिडकीबाहेर बघत, अगदी पावसापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "शेकडा काय भाव घेता?"

"कुनाचं लग्न हाय?" मी विचारलं.

"कुणाचं नाही. असंच."

मी मामांकडे बघितलं. मामांनी खांद्यावरचा टॉवेल आधीच काढला होता.